थर्डवाल्याला उठवायचं नाही

आमचे हे रिटायर झाले तेव्हा कॉलनीतल्या बायका मला म्हणाल्या, सुवर्णा, आता तुझी खरी ड्यूटी सुरू. मी हसले होते. तेहतीस वर्षं ज्या माणसाचं दिवस-रात्रीचं गणित दर आठवड्याला बदलायचं, तो एकदाचा घरी बसला तर आणखी काय वाईट होणार आहे, असं मला वाटलं. पहिले सहा महिने झालंही तसंच. सकाळी गच्चीवर फिरायचे, पेपर वाचायचे, जेवून दोनला आडवे व्हायचे. जेल रोडला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खाली भाजीची गाडी आली की हे पिशवी घेऊन उतरायचे आणि नेमकी निबर भेंडी निवडून आणायचे. एवढाच काय तो त्रास होता.

मग ज्येष्ठ नागरिक संघात ते व्याख्यान झालं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

आधी हे कोण ते सांगते. नाव धनराज. सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा मुलगा, सातपूरला आयटीआय करून एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रात लागला, तिथूनच रिटायर झाला. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. काम काय, तर मीटर बघायचे. दर तासाला एकेक आकडा मोठ्या कागदावर टिपायचा आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. काही बिघाड असला तर शेरा. सगळं ठीक असलं तर रकाना कोरा. लग्नानंतर महिनाभरात हे मला मोठ्या अभिमानानं सांगत होते, की सलग अकरा दिवस माझा रकाना कोरा आहे. मला वाटलं, अगंबाई, या माणसाला कामच दिसत नाही.

घरातही तोच खाक्या. भाजी चांगली झाली तर शब्द नाही. मीठ जास्त पडलं की लगेच सांगायचे. पल्लवी, आमची थोरली, वर्गात पहिली आली तर प्रगतिपुस्तकावर सही करून परत द्यायचे. गणितात सत्तर पडले की मग बोलायचे. वाईट माणूस नाही हो. दारू नाही, तंबाखू नाही, हात कधी उगारला नाही. मला कावीळ झाली होती तेव्हा महिनाभर स्वतः खिचडी शिजवली, तीही ड्यूटी सांभाळून. पण गोड शब्द म्हणाल तर नुसता दुष्काळ. मी सवय करून घेतली होती. बायका करतातच.

तर ते व्याख्यान. नाशिकहून कोणी सर आले होते. त्यांनी सांगितलं, साठीत आलात, आता आयुष्याचा आढावा घ्या. ज्या पाच माणसांशी तुमचं आयुष्य बांधलेलं आहे त्यांची नावं लिहा. प्रत्येकाच्या समोर जाऊन बसा आणि दोनच प्रश्न विचारा. माझ्यामुळे तुमचं काय चांगलं झालं? माझ्यामुळे तुमचं काय राहून गेलं? उत्तर आलं की वाद घालायचा नाही, नुसतं लिहून घ्यायचं. सगळ्यांना एकेक कोरा कागद वाटला. बाकीच्यांनी त्या कागदावर बटाटेवडा ठेवून खाल्ला. आमच्या ह्यांनी घरी येऊन पट्टीनं रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी मी टेबल पुसत होते, तर कागद तिथेच. डावीकडे नावं, मधे दोन प्रश्नांचे दोन रकाने, शेवटी शेरा. नावं अशी: हिरामण, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. पल्लवी. लखन, आमचा मुलगा. झिपरू, ह्यांच्या पाळीतला जोडीदार. आणि पाचवं नाव मोहिनी मॅडम.

मी दोनदा वाचलं. कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. माझं नाव नव्हतं.

आता सांगा, राग येईल की नाही? मोहिनी मॅडम म्हणजे त्यांच्या टाइम ऑफिसमधल्या बाई. मी त्यांना ओळखते. पासष्टीच्या आहेत, दोन्ही गुडघे बदललेले आहेत, तसला काही संशय यावा अशी गोष्टच नाही. पण म्हणून काय झालं? रजेचे अर्ज घेणारी बाई ह्यांच्या आयुष्याशी बांधलेली, आणि बत्तीस वर्षं जी त्यांचे डबे भरतेय ती कुठेच नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण मी विचारलं नाही. म्हटलं, बघूया यांना स्वतःहून आठवतंय का. कागद होता तसा ठेवला आणि त्या दिवशी मुद्दाम वांग्याची भाजी केली, जी ह्यांना चालत नाही. ते मुकाट्यानं वरण-भात जेवून उठले.

मग सुरू झाल्या ह्यांच्या फेऱ्या. पहिले गेले हिरामणकडे, सिन्नरला. हिरामण कॉलेजला असताना वर्षभर आमच्या एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहिला होता. पाठ मोठ्यानं वाचायची त्याला खोड, आणि ह्यांची दिवसाची झोप मोडायची. शेवटी ह्यांनी त्याला होस्टेलमध्ये धाडलं. सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं, ही गोष्ट ह्यांच्या मनात इतकी वर्षं सलत होती म्हणे. मला पत्ताच नव्हता. तर हे माफी मागायला गेले आणि हिरामण हसायला लागला. म्हणाला, दादा, होस्टेलला गेलो म्हणून शिकलो, तुमच्याकडे मी चोरासारखं पाऊल टाकायचो, तुम्ही मला बाहेर धाडलंत तो उपकारच झाला. आणि राहून काय गेलं विचारलं, तर म्हणाला, माझ्या लग्नात तुम्ही पंगतीत जेवला नाहीत, ड्यूटी आहे म्हणून अक्षता टाकून निघून गेलात. ह्यांना ते आठवतही नव्हतं.

परत आले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, मीटर उलटं फिरतंय.

झिपरूकडे तर कहरच. झिपरू सुरगाण्याकडचा, कोकणा आदिवासी, स्वभावानं अगदी साधा. भातलावणीला त्याला गावी जायला लागायचं. दरवर्षी आठ-दहा दिवस हे त्याच्या जागी डबल ड्यूटी करायचे. आपण काही चांगलं केलं असेल तर हेच, असं ह्यांना पक्कं वाटत होतं. सुरगाण्याची बस धरून गेले, त्याच्या अंगणात खाटेवर बसले, प्रश्न विचारला. झिपरू म्हणाला, धनराजभाऊ, तुम्ही ड्यूटी केली खरी, पण दरवेळी चार माणसांत सांगायचा की झिप्र्याची पाळी मी ओढली, ते मला लागायचं. म्हणून शेवटची सहा वर्षं मी लावणीला गेलोच नाही, बायकोनंच केली. आणि चांगलं काय झालं विचारलं, तर म्हणाला, तुम्ही मला मीटर वाचायला शिकवलं तेव्हा एकदाही हसला नाहीत, बाकीचे हसायचे. ह्यांनी तेही लिहून घेतलं. जाताना झिपरूच्या बायकोनं नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ बांधून दिलं, म्हणजे राग धरलेला नव्हता. मग नेमकं काय धरलेलं होतं? ह्यांना कळेना, मलाही कळेना.

मोहिनी मॅडमचं सांगते म्हणजे तुम्हीही हसाल. एकदा रजेवरून हे त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडले होते. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि ह्यांना तिची लाज वाटत होती. उपनगरला त्यांच्या घरी गेले तर बाईंनी विचारलं, कोण धनराज? ओळख पटवण्यात अर्धा तास गेला. भांडण त्यांना आठवेचना. उलट म्हणाल्या, नाही हो, तुम्ही तर कधी बोलायचाच नाहीत. हे घरी आले आणि सोफ्यावर बसून राहिले. मला म्हणाले, मी पंचवीस वर्षं उगाच शरमत होतो का? मी म्हटलं, मला काय विचारता, कागदावर माझं नाव आहे का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली.

लखन बंगळूरला असतो. त्यानं फोनवर दोन मिनिटांत आटोपलं. सगळं मस्त आहे बाबा, काही राहिलं नाही, मीटिंग आहे, ठेवतो. ह्यांनी त्याच्या रकान्यात लिहिलं, मस्त. पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

राहिली पल्लवी. ती पुण्याला असते, परवाच्या शनिवारी आली होती. ह्यांनी तिला समोर बसवलं. मी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते, कान तिकडेच. पल्लवी आमची सरळ बोलणारी. चांगलं काय झालं, तर म्हणाली, तुम्ही कधी म्हणाला नाहीत की मुलगी आहेस, हे करू नकोस. राहून काय गेलं, तर म्हणाली, "बाबा, मला आजही घरात मोठ्यानं हसता येत नाही. कुणीतरी झोपलंय असंच वाटत राहतं."

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं. पण पोरगी पुढे म्हणाली, "पण तुम्ही नाही ओरडायचात. आईच आमच्या तोंडावर हात ठेवायची."

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं. घ्या! प्रश्न बापाचा, उत्तर बापाला, आणि फटका कुणाला? मला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी काही माझ्या हौसेनं पोरांची तोंडं दाबत होते का? पण खोटं तरी कसं म्हणू? दाबत होतेच.

ते का, हे सांगायला हवं. लग्न होऊन मी एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा सासूबाईंनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, धनराजला वांगं चालत नाही. दोन, थर्डवाल्याला उठवायचं नाही. थर्ड म्हणजे रात्री बाराला सुरू होऊन सकाळी आठला सुटणारी पाळी. त्या पाळीवरून आलेला माणूस नऊला झोपला की दोनपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घर पेटलं तरच उठव, असे त्यांचे शब्द होते. कॉलनीतली प्रत्येक बाई हे पाळायची. ज्या खिडकीवर दिवसा जाड पडदा ओढलेला दिसला त्या घराची कडी कुणी वाजवायची नाही. कुकर शेजारणीकडे लावून आणायचा. पोरं बाहेर लिंबाखाली न्यायची. नवरा-बायकोच्या कागाळ्यासुद्धा आम्ही बायका अंगणात कुजबुजत करायचो. झोप न झालेला माणूस मशीनवर जायचा म्हणजे जिवाशी खेळ, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कुणाला त्यात जाच वाटायचा नाही. मलाही वाटला नाही, एक दिवस सोडला तर.

तो दिवस मी सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलेला नाही.

माझं माहेर सटाण्याच्या पुढे, बागलाणात. वडील सावळीराम, कांदा आणि भाजीपाला करायचे. दम्याचे पेशंट. दिवाळीनंतरचे दिवस होते. पल्लवी साडेतीन वर्षांची, लखन दहा महिन्यांचा. हे थर्डवरून येऊन, अंघोळ करून, जेवून झोपले होते. साडेनऊ वाजले असतील. शेजारच्या नवसाबाई दारात आल्या. आमच्या ओळीत फोन फक्त त्यांच्याकडे होता. म्हणाल्या, सुवर्णा, तुझ्या भावाचा फोन होता, तुझ्या वडिलांची तब्येत जास्त झालीय, लगेच निघून या म्हणाला. नवसाबाईंना हळू बोलणं कधी जमलंच नाही, त्यांच्या मानानं ती कुजबुजच होती. मी आधी तोंडावर बोट ठेवलं. विचार करा, बापाचा निरोप ऐकते आहे आणि आधी काय करते, तर तोंडावर बोट.

मी ह्यांना उठवलं नाही. का नाही उठवलं? इतक्या वर्षांत मी स्वतःलाच हजारदा विचारलं असेल. वडिलांना तसे झटके आधी दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा ते बरे झाले होते, म्हणून असेल. एकटी दोन पोरं घेऊन तीन बस बदलून जाण्याची छाती झाली नाही, म्हणूनही असेल. पण खरं सांगू? उठवायचं असतं हे मला सुचलंच नाही. घर पेटलं नव्हतं ना. मी पिशवी भरली. पोरांचे कपडे, दुधाची बाटली, ह्यांचा एक शर्ट. पोरांना घेऊन लिंबाखाली जाऊन बसले. पल्लवीला काहीतरी गंमत दिसली आणि ती खदाखदा हसायला लागली, तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो हात तिला आठवतोय की दुसरा कुठला, देवाला ठाऊक.

दोन वाजता मी ह्यांना हलवलं. म्हटलं, आत्ताच निरोप आला. साडेनऊला आला असं सांगितलं असतं तर ते विचारणार, मग उठवलं का नाहीस? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते ताडकन उठले, बूट घालून तयार. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून चारची बस मिळाली. सटाण्याला सात वाजले. गावात पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली दिसली. वडील पाच वाजता गेले होते. दहाच्या सुमाराला निघालो असतो तर ते असताना पोचलो असतो. भावाला मी सांगितलं, निरोप उशिरा मिळाला. नवसाबाई पुढे कधी त्यावर बोलल्या नाहीत. आता त्याही नाहीत.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला दोष देणार? ह्यांना देता येत नव्हता, कारण त्यांना तर काही माहीतच नव्हतं. तरी आतून दिला मी. ते दुपारी झोपले की कधी कधी मी दारात उभी राहून बघायची आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. मग वाटायचं, त्या बिचाऱ्यानं काय केलं? त्याला फक्त झोप लागली. मग स्वतःचा राग यायचा. मग चहाची वेळ व्हायची.

तर पल्लवी रविवारी पुण्याला परत गेली. सोमवारी दुपारची जेवणं झाली. हे टेबलाशी चष्मा लावून तो कागद बघत बसले होते. पाचही नावांपुढचे रकाने भरलेले. म्हणाले, यातून निष्पन्न काय होतंय तेच कळत नाही. जिथे चांगलं केलं असं वाटलं तिथे दुखवलं, जिथे दुखवलं वाटलं तिथे कुणाला आठवत नाही. सरांना फोन करून विचारू का? माझा संयम संपला. मी हात पुसत येऊन कागदावर बोट ठेवलं.

"यात माझं नाव का नाही?"

ते जरा गडबडले. मग म्हणाले, "अगं, तुझं काय लिहायचं? जिथे काही बिघाड वाटतो तिथलीच नावं लिहिली. तुझा रकाना कोरा आहे."

ह्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंही वाटलं. आणि मग जो संताप आला, तो मला आवरेना. कोरा? माझा रकाना कोरा? मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि मोहिनी मॅडमच्या खाली माझं नाव लिहिलं. म्हटलं, विचारा आता दोन्ही प्रश्न, आणि वाद घालायचा नाही.

ते म्हणाले, संध्याकाळी विचारतो. मी म्हटलं, आत्ता. मग त्यांनी पहिला विचारला. मी सांगितलं, खूप काही झालं. कावीळ झाली तेव्हाची खिचडी. पोरांची शिक्षणं. हे घर. मला कधी कुणासमोर कमी लेखलं नाहीत. ते लिहीत गेले. लिहून झालं आणि ते थांबले. चष्मा काढून पुसायला लागले. मी म्हटलं, दुसरा विचारा. म्हणाले, राहू दे ना.

मी म्हटलं, विचारू नका तर, मी सांगते. आणि सांगितलं. नवसाबाई साडेनऊला आल्या होत्या, दोनला नाही. मी तुम्हाला उठवलं नाही. साडेचार तास मी बाहेर बसून होते. एवढ्या वर्षांत तुम्हाला खोटंच सांगत आले. मला वाटलं ते आता म्हणतील, तू उठवायचं होतंस, वेडे. त्याचीच मला सत्तावीस वर्षं भीती होती, कारण तसं म्हणाले असते तर सगळा दोष माझ्यावरच आला असता आणि तो बरोबरही असता.

ते तसं म्हणाले नाहीत. चष्मा टेबलावर ठेवून म्हणाले, "मला माहीत आहे."

मला कळलंच नाही. काय माहीत आहे? कुणी सांगितलं? नवसाबाईंनी?

"मी जागा होतो," ते म्हणाले. "नुकताच पडलो होतो. त्यांचं बोलणं सगळं ऐकू आलं. म्हटलं, खरंच तसं असेल तर ती उठवेल. तू उठवलं नाहीस. म्हटलं, मग नसेल एवढं. अंग फार दुखत होतं गं त्या दिवशी. पाच मिनिटांनी उठू, दहा मिनिटांनी उठू, असं करत पडून राहिलो. आणि मग इतका वेळ झाला की आता उठलो तर आधी का नाही उठलो म्हणशील, म्हणून दोनपर्यंत तसाच डोळे मिटून राहिलो. तू हलवलंस तेव्हा झोपेतून उठल्यासारखं केलं."

मी खुर्ची ओढून बसले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मी त्या लिंबाखाली बसून माझ्या पोरीचं हसणं दाबत होते, ते एका जाग्या माणसाला जाग येऊ नये म्हणून. ज्या दोषाचा अर्धा भाग मी त्यांना गुपचूप देत होते तो खरंच त्यांचा होता, तरी माझा भाग काही कमी झाला नाही. मला वाटायचं, एवढं बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसलं काही झालं नाही. उलट आता दोघांच्याही दोषाकडे बघायला लागत होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, मग कोरा रकाना म्हणालात ते काय होतं? ते म्हणाले, तुझं नाव लिहिलं असतं तर दुसरा प्रश्न विचारावा लागला असता, आणि तो विचारायची माझी हिंमत नव्हती. बाकी पाचांकडे मी तुझ्याकडे यायचं टाळत टाळतच गेलो असेन. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मग त्यांनी मला असं काही विचारलं, जे त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं. जाण्याआधी वडील काही बोलले होते का?

बोलले होते. वहिनीनं मला नंतर चुलीपाशी बसून सांगितलं होतं, आणि मी ते कुणापुढे काढलं नव्हतं. आमच्या बागलाणात आली का असं विचारायचं तर उनी का म्हणतात. दार वाजलं, कुणी आत आलं, नुसता भांड्याचा आवाज झाला, तरी ते डोळे उघडायचे आणि विचारायचे, सुवर्णा उनी का?

मी ह्यांना तेच शब्द सांगितले. म्हटलं, बारा वाजल्यापासून विचारत होते.

ह्यांनी पेन उचललं, लिहायला गेले आणि परत खाली ठेवलं.

"बाराला मी जागा होतो," ते म्हणाले.

"मी पण," मी म्हटलं.